तीन हिरडे

फॉर्म एका पानाचा होता. वर विद्यापीठाचं चिन्ह, खाली चार प्रश्न. अर्जदाराला तुम्ही किती काळ ओळखता? अर्जदार तुमच्यातलीच आहे असं तुमचा समाज मानतो का? तुम्ही अर्जदाराच्या नात्यात नाही ना? आणि चौथा, हे तुम्ही कशावरून सांगता? चौथ्याखाली तीन रेघा सोडल्या होत्या.

मुक्ता साबळेने तो प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढला आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला, टेबल ओलं नाही ना हे आधी बोटाने बघून. मला ते आवडलं. लगेच असंही वाटलं, की आवडावं म्हणूनच केलं असेल. श्रावणी झाल्यापासून माझं हे असं होतं. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीची मी मागची बाजू बघते. बाटलीवरची तारीख, खेळण्याचे स्क्रू, माणसांचे हात.

माझा नवरा सारंग इथल्या हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे डॉक्टर आहे, म्हणून आम्ही आयर्लंडात, कासलबारला राहतो. अख्ख्या मेयो काउंटीत महादेव कोळी जमातीची मी एकटीच असेन. मोजायला कुणी आलेलं नाही, पण वाटतं तसं. इथल्या मराठी ग्रुपवर मी असते, गणपतीला मोदक करून नेते, आरक्षणावर विनोद आला की फोन उलटा ठेवते. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मुक्ताने मला लिंक्डइनवर शोधलं होतं. ‘डगळे’ हे आमच्यातलं आडनाव आणि ‘आयर्लंड’ एवढं टाकल्यावर एकच नाव आलं म्हणे. लग्नानंतर मी आडनाव बदललं नव्हतं. तत्त्व वगैरे काही नाही, पासपोर्टचा कंटाळा. मंगळवारी तिचा मेसेज आला आणि शनिवारी ती डब्लिनहून सव्वातीन तासांची ट्रेन धरून आली. तिथल्या एका विद्यापीठात पाण्याच्या शास्त्राचं दोन वर्षांचं मास्टर्स करत होती. पहिलं वर्ष घरच्यांनी निभावलं होतं, दुसरं त्यांना जमणार नव्हतं. विद्यापीठाची एक योजना होती. आदिवासी, मूलनिवासी आणि भटक्या समाजांतल्या विद्यार्थ्यांना फी माफ, राहायला खोली, शिवाय एक मार्गदर्शक. त्यासाठी समाजातल्या कुणाचं तरी पत्र हवं होतं. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. पत्र मिळालं नाही तर जूनमध्ये ती परत जाणार होती.

“जमातीचा दाखला आहे ना तुझ्याकडे?” मी विचारलं.

“दाखला आहे. व्हॅलिडिटी नाही. तीन वर्षं झाली फाईल पडून. पडताळणी समितीला विचारलं की म्हणतात दक्षता पथकाकडे आहे, पथकाला विचारलं की म्हणतात समितीकडे.” तिने खांदे उडवले. “इथे त्यांना व्हॅलिडिटी नकोच आहे, ताई. त्यांना माणूस हवाय.”

ते खरं होतं. खात्री करावी म्हणून मी गुरुवारीच त्या योजनेचं काम बघणाऱ्या नीव नावाच्या बाईंना ईमेल केली होती, की पत्रासोबत कोणते पुरावे जोडायचे. अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘पुरावे नकोत. आम्ही कुणाची परीक्षा घेत नाही. तुमची माणसं कोण, हे तुम्हालाच ठाऊक.’ मी ती ईमेल चार वेळा वाचली. सोळा वर्षांपूर्वी माझी पडताळणी झाली तेव्हा माझी फाईल दोनशे बारा पानांची होती. पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा मिळवायला नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीन सुट्ट्या घातल्या होत्या.

मी तिथल्या तिथे लिहून देऊ शकत होते. नाही दिलं. साबळे आमच्यात असतात तसे मराठ्यांतही असतात. ही वाढलेली पिंपरीत. बोलते ती पुण्याची कुठलीही मुलगी बोलेल तशी. मीही तशीच बोलते म्हणा. पण माझ्या मामेबहिणीची मेडिकलची जागा ज्या मुलाला गेली, त्याचा दाखला खोटा होता हे सहा वर्षांनी सिद्ध झालं. तोवर तो डॉक्टर झाला होता आणि ती गावच्या अंगणवाडीत लागली होती. त्या मुलाला मी एकदा पाहिलं होतं. साधा, हसरा, बसताना चपला नीट जोडून ठेवणारा.

“थोडं विचारू का?” मी म्हटलं.

“विचारा ना.” तिने पाठ सरळ केली.

मी कूळ विचारलं. देवक विचारलं. लग्नात पहिला मान कुणाचा, ते विचारलं. तिने सगळं सांगितलं.

“वाघबारशीला काय करता?”

“गुराखी मुलं घरोघरी फिरून तांदूळ, गूळ गोळा करतात. वाघोबाच्या ठाण्यापाशी खीर शिजवतात. एकाला वाघ करतात, एकाला अस्वल, आणि बाकीचे त्यांना हाकलून लावतात.”

बरोबर होतं. सगळंच बरोबर होतं. प्रत्येक उत्तराआधी ती दोन सेकंद थांबायची, छताकडे बघायची आणि मग बोलायची. ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं, पण कुठलं ते लक्षात येईना.

श्रावणी दारात उभी होती. ती चार वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र मेयोच्या इंग्रजीत येतात.

“मम्मी, इज शी डुइंग अ टेस्ट?”

“नाही गं. गप्पा मारतोय.”

“शी लुक्स लाइक शी इज.”

मुक्ता हसली. “बिस्कीट कुठंय, माहितीये तुला?”

“इन द प्रेस,” श्रावणी म्हणाली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिने कपाट उघडून बिस्किटांचा डबा काढला आणि त्याच्यामागचा स्टीलचा छोटा डबा जरा हलला. मी उठून तो आत सरकवला.

“बाळ जन्मल्यावर काय करता?” मी बसता बसता विचारलं.

मुक्ता थांबली. छताकडे बघितलं. “पाचवीला बाळाच्या उशाशी तीन हिरडे ठेवतात. बारसं झालं की ते उंबऱ्याबाहेर टाकतात. टाकल्यावर मागे वळून बघत नाहीत.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

पाचवीला उशाशी तीन हिरडे आमच्या जमातीत कुणी ठेवत नव्हतं. ते एकाच घरात, एकदाच, एका बाळाच्या उशाशी ठेवले गेले होते, आणि ते बाळ मी होते. मला जन्मतः कफ होता. माझी आजी, सखूबाई, सहाणेवर हिरडा उगाळून मला चाटवायची. दर वेळी डबा कोण शोधणार, म्हणून तिने तीन हिरडे उशाशीच ठेवून दिले. बारशापर्यंत खोकला गेला आणि तिने ते अंगणात भिरकावले. एवढंच.

मी बारावीत असताना दक्षता पथक आमच्या घरी यायचं ठरलं. एक पोलीस अधिकारी, एक संशोधन अधिकारी. कागद तपासून झाले की ते जमातीच्या चालीरीती तोंडी विचारतात. नाना आश्रमशाळेत शिक्षक होते. त्यांनी माझ्यासाठी दोन पानं लिहून काढली, फळ्यावर लिहितात तशा ठळक अक्षरात, अकरा मुद्दे. सातवा मुद्दा जन्माचा. आमच्यात बाळाचं काय काय करतात ते त्यांना धड आठवेना. बायकांना विचारायला वेळ नव्हता. आठवले ते माझे हिरडे. तेच त्यांनी लिहिलं, आणि वाक्य अपुरं वाटलं म्हणून ‘मागे वळून बघत नाहीत’ ही पदरची भर घातली. सगळ्यात खाली सूचना होती : उत्तर चटकन देऊ नये, पाठ केल्यासारखे वाटते. दोन सेकंद थांबावे. वर पाहावे.

मी थांबले होते. वर पाहिलं होतं. संशोधन अधिकाऱ्यांना सातवा मुद्दा इतका आवडला की त्यांनी तो दोनदा विचारून लिहून घेतला. माझी व्हॅलिडिटी आली. मग शेजारच्या आळीतल्या एकाने तो कागद मागून नेला. त्याची झेरॉक्स झाली, झेरॉक्सची झेरॉक्स झाली. पुढे पथकच लोकांना विचारू लागलं, उशाशी काही ठेवता का? आमच्यातल्या ज्या घरांनी ‘नाही बुवा’ म्हटलं, त्यांच्या अहवालात ‘चालीरीतींची माहिती नाही’ असा शेरा आला, असं नानांच्या कानावर आलं. मग ‘नाही’ म्हणायचं लोकांनी सोडून दिलं. नाना एकदा म्हणाले होते, तालुक्याला जाऊन सांगावं का, की ते माझं चुकलं होतं? आई म्हणाली, सांगा, म्हणजे आधी पोरीची व्हॅलिडिटी जाईल. ते गेले नाहीत.

म्हणजे मुक्ताने तो कागद वाचला होता. त्यावरून ती खोटी ठरत नव्हती. खोटी माणसं तो पाठ करत असतील तर खरीही करत होती. माझ्या हातात जे एकच माप होतं, ते नानांनी केव्हाच मोडून ठेवलं होतं.

“झालं का, ताई?” मुक्ता म्हणाली. “पास का मी?”

“दोन दिवस दे मला.”

तिचं हसू गेलं नाही, फक्त पातळ झालं. “पथकवालेही हेच म्हणाले होते. दोन दिवस.” तिने पाकिटाची चेन लावली, फॉर्म मात्र टेबलावरच राहू दिला. “त्यांनी निदान चहा आमच्या घरचा प्यायला. तुम्ही स्वतःचा पाजलात, एवढाच फरक.”

मी तिला गाडीने स्टेशनवर सोडलं. वाटेत श्रावणीने तिला आपल्या शाळेतल्या सशाची सगळी हकीकत सांगितली आणि मुक्ताने ती सगळी ऐकली. उतरताना तिने मागच्या सीटवरच्या श्रावणीचा पट्टा एकदा ओढून बघितला. मी ते आरशात पाहिलं.

संध्याकाळी सारंगला सांगितलं.

“लिहून टाक ना, उर्मिला. एका सहीचा तर प्रश्न आहे.”

“तुझी नाहीये ना ती.”

“मग नको लिहूस.”

“तेही जमत नाहीये.”

“तुम्हा लोकांचं म्हणजे काय ते...” तो म्हणाला आणि थांबला. पातेल्यातला भात उगाचच हलवायला लागला. ‘तुम्हा लोकांचं’ असं तो सहसा म्हणत नाही. सात वर्षांत दुसऱ्यांदा. मी ताटं घेतली.

रविवारी सकाळी नानांना फोन लावला. आता निवृत्त होऊन ते तालुक्याच्या गावी राहतात.

“नाना, तुमच्या कागदावरची मुलगी आली होती माझ्याकडे.”

“कुठला कागद?”

“हिरड्यांचा.”

“आयर्लंडात?”

“आयर्लंडात.”

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग हसणं थांबलं आणि ठसकाच राहिला. मी त्यांना फॉर्मचं सांगितलं, त्याचा फोटो पाठवला, शुक्रवारचं सांगितलं.

“गाव कोणतं म्हणाली?”

“उंबरमाळ. तिची आजी असते तिथे अजून. ताराबाई साबळे.”

“उंबरमाळला आपलेच आहेत सगळे. पण साबळ्यांचं नाही सांगता यायचं. बघून येतो मी.”

“नाना, चौकशी नका करू हं. मला ते नकोय.”

“चौकशी कसली? जाऊन बसतो जरा. शिक्षक माणूस, मला कोण काय म्हणतंय!”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की एका म्हाताऱ्या बाईच्या घरी मी माणूस पाठवला होता. पथकाला निदान शासनाचा आदेश असतो. परत फोन करून नको म्हणावं असं वाटलं. केला नाही.

मंगळवारी दुपारी दोनला व्हिडिओ कॉल आला. तिथे साडेसहा वाजले असतील, उजेड होता. नाना एका ओट्यावर घोंगडीवर बसले होते. मागे कुडाची भिंत आणि तिला टेकवलेली त्यांचीच फाईल.

“फाईल कशाला नेलीत, नाना?”

“अगं, तुझ्या फॉर्मचा प्रिंट काढला होता. कशात तरी ठेवायला नको? तीच तर चूक झाली.” त्यांनी आवाज खाली आणला. “काखेत फाईल बघितली न् म्हातारीने काही विचारलंच नाही. घोंगडी टाकली, पाणी दिलं, आत जाऊन कागदांची पिशवी आणली आणि सुरू झाली. कूळ, देवक, वाघबारस. मधे थांबायची, वर बघायची. उर्मे, माझंच मला ऐकवत होती गं!”

“हिरडे?”

“तीन. मागे वळून बघत नाहीत.”

श्रावणी माझ्या मांडीवर येऊन बसली. नाना तिच्याकडे बघून हसले, पण हसण्यात त्यांचं लक्ष नव्हतं.

“मी म्हटलं, आजी, मी साहेब नाही, आश्रमशाळेचा मास्तर आहे. तर जी भडकली! ‘मंग मला येवढं बोलाया का लावलं? तोंड दुखलं माजं!’ म्हटलं, चुकलं. मग धीर करून विचारलं, हे हिरडे तुमच्यात पहिल्यापासून ठेवतात का हो?”

“मग?”

“म्हणते, ‘पयल्यापासून कुठलं? साहेब लोक इचाराया लागले, उशाशी काय ठेवता, काय ठेवता. म्हणून मंग ठेवाया लागलो. आता समद्या गावात ठेवत्यात.’”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, चांगलं आहे. कफाला बरा असतो.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मग तिने मला धरलं. कुणाचा तू? गाव कंचं? आई कुठली? मी आईचं माहेर सांगितलं तर एकदम माझं मनगट पकडलं. ‘म्हंजी तू सखूचा ल्योक?’ अगं, माझी आई लहानपणी उंबरमाळला यायची, हिरडा वेचायच्या दिवसांत, मावशीकडे. कोंडाबाई मावशी. आणि त्या कोंडाबाईच्या दिराची सून म्हणजे ही ताराबाई! नवी नवरी होती तेव्हा, आईच्या बरोबरीची. दोघी एका टोपलीत वेचायच्या म्हणे. उर्मे, आपलीच निघाली पोरगी! नात्यातली निघाली!”

त्यांचा चेहरा उजळला होता. समितीसमोर नात्यातल्या माणसाचं प्रमाणपत्र दाखवलं की निम्मं काम होतं. नानांनी आयुष्यभर लोकांची तीच कागदपत्रं जुळवून दिली होती.

“नाना,” मी म्हटलं, “नातं निघायला नको होतं.”

“म्हणजे?”

“फॉर्मचा तिसरा प्रश्न वाचा. नात्यातला माणूस चालत नाही.”

त्यांनी फाईल उघडली, चष्मा लावला, वाचलं. “असं कसं? नातं नसेल तर ओळखणार कसं माणूस माणसाला?”

तेवढ्यात फोन त्यांच्या हातातून गेला. पडद्यावर आधी आभाळ आलं, मग पत्र्याची कड, मग अगदी जवळून एक सुरकुतलेला गाल आणि एक डोळा.

“ही का ती? सखूची पनती?”

“नात आहे मी आजी. पणती ही, मांडीवरची.”

“बारीक झाली गं तू.”

“पहिल्यांदाच तर बघताय मला.”

“सखू पन बारीकच व्हती,” ताराबाई म्हणाली. “आमची मुक्ती जेवती का तिथं? का नुसतंच पानी मोजीत बसती?”

“जेवते,” मी म्हटलं. मला ते माहीत नव्हतं.

बुधवारी सकाळी, श्रावणीला शाळेत सोडल्यावर, गाडीतच बसून मी नीवला फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. मुलीला मी शनिवारपासून ओळखते. माझ्या आजीच्या मावशीच्या दिराची सून ही तिची आजी. हे नातं फॉर्मवर लिहिलं तर अर्ज बाद होईल का? आणि लिहिलं नाही तर ते खोटं होईल का? मी एका दमात वाचून टाकलं.

“पुन्हा सांगा,” नीव म्हणाल्या. “आजीची कोण?”

मी पुन्हा सांगितलं.

त्या हसल्या, पण माझ्यावर नाही. “सख्खी, चुलत, मावस बहीण नाही ना? मग ठीक. आहे ते सगळं लिहा. मी स्वतः मेयोची आहे. मेयोत ‘मी कुणाच्याच नात्यात नाही’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.”

“आणि शनिवारपासूनची ओळख?”

“तुम्हाला एक सांगते. आमच्याकडच्या भटक्या लोकांची, ट्रॅव्हलर मुलांची पत्रंही माझ्याकडेच येतात. ज्या बाई ती लिहितात त्यांनी पुष्कळदा मुलाला पाहिलेलंही नसतं. त्या त्याच्या आजीला ओळखत असतात.” मग त्यांनी विचारलं, “तुमची काही अडचण आहे का? पत्र तुमच्या नावाने आमच्याकडे राहील. नको असेल तर तसं सांगा.”

मी इथे जमातीचं कुणाला सांगितलेलं नाही, हे त्यांना कळलं असेल असं मला वाटलं नव्हतं. समोर शाळेच्या फाटकापाशी मराठी ग्रुपमधली एक बाई मुलाला टोपी घालत होती. तिने हात केला. मीही केला.

“अडचण नाही,” मी म्हटलं.

घरी येऊन फॉर्म भरला. किती काळ ओळखता? शनिवारपासून. तुमचा समाज तिला आपली मानतो का? हो. तिसऱ्या प्रश्नापुढे जागा पुरेना, म्हणून वेगळं पान जोडलं आणि त्यावर सखूबाई, कोंडाबाई, ताराबाई अशी नावं एकाखाली एक लिहून त्यांच्यामध्ये रेघा काढल्या. सगळ्या बायकाच. समितीच्या वंशावळीत बापाच्या बाजूची नावं लागतात. तिथे हे पान कुणी हातातही धरलं नसतं.

चौथ्या प्रश्नापाशी दीड तास गेला. हे तुम्ही कशावरून सांगता? कूळ, देवक, वाघबारस हे सगळं एकदा लिहिलं आणि फाडलं. त्यातलं काहीच मी तपासू शकत नव्हते. शेवटी लिहिलं, ‘माझे वडील तिच्या आजीच्या घरी गेले. ते कुणाचे कोण, हे तिच्या आजीने त्यांना सांगितलं.’ तीन रेघांपैकी एक उरली. खाली पूर्ण नाव लिहिलं, उर्मिला दिलीप डगळे, त्याखाली जमातीचं नाव, आणि स्कॅन करून पाठवून दिलं. मग अर्धा तास बाथरूम घासलं.

तेरा दिवसांनी मुक्ताचा फोन आला. मी श्रावणीच्या डब्यासाठी सफरचंद कापत होते.

“मिळालं, ताई! खोली पण मिळाली. सप्टेंबरपासून.”

“छान झालं.”

“आजी म्हणते, तुमचे नाना परत आले होते म्हणे. या वेळी फाईल न घेता.”

“हो का? मला नाही बोलले.”

“दोघं बसून सखूआजीबद्दल बोलले म्हणे, पार अंधार पडेपर्यंत.” ती घुटमळली. “एक विचारू? त्या दिवशी मी हिरड्यांचं सांगितलं आणि तुम्ही कप खाली ठेवलात. तिथे माझं काही चुकलं का?”

मी सुरी बाजूला ठेवली आणि तिला सांगितलं. माझा कफ, आजीची सहाण, नानांची दोन पानं, सातवा मुद्दा, झेरॉक्स. मधे फोन कट झाला का म्हणून मी एकदा बघितलंही.

“मग ते सगळं खोटंच?” ती शेवटी म्हणाली. “माझ्या भाच्याच्या उशाशी आईने ठेवले होते, ताई. पिंपरीत. गेल्या श्रावणात. आई रडली होती ते ठेवताना.”

“श्रावणीच्याही होते,” मी म्हटलं. “माझं सिझेरियन झालं होतं, पाचव्या दिवशीही आम्ही हॉस्पिटलातच होतो. आईने पार्सलमध्ये डबा पाठवला होता. नर्सने विचारलं, हे काय? म्हटलं, आमच्यात ठेवतात. ग्रँड, म्हणाली, म्हणजे चालेल.”

“तुम्हाला माहीत असून?”

“माहीत असून.”

श्रावणी त्या रात्री मिनिटाला किती श्वास घेते ते मी मोजत बसले होते, आणि दर वेळी मोजून झालं की ते तीन हिरडे जागेवर आहेत ना ते हाताने चाचपत होते. हे मी मुक्ताला सांगितलं नाही. डबा अजून कपाटात बिस्किटांच्या मागे आहे.

मुक्ता हसली. “अहो पण एक घोळ आहे. माझी तारीख लागलीये. व्हॅलिडिटीची. पुढच्या महिन्यात, ऑनलाइन घेणार म्हणतात. त्यांनी जन्माचं विचारलं तर काय सांगू मी?”

“तीन हिरडे सांग.”

“अहो, पण...”

“तुझ्या आईने ठेवले, मी ठेवले, तुझ्या आजीच्या सगळ्या गावात ठेवतात. आता ठेवतातच आपल्यात. सांग.”

“आणि मागे वळून बघत नाहीत, ते?”

“ते नानांनी पदरचं घातलंय,” मी म्हटलं. “पण तेही सांग.”